घरी बांधलेल्या विमानात मोटारीचं इंजिन: तुटतं काय आणि का

घार

मोटारीचं इंजिन विमानात बसवण्याबद्दल मराठीत तपशिलात चर्चा फारशी दिसत नाही, म्हणून एक ठरावीक उदाहरण समोर ठेवून धागा काढतोय. विमान दोन आसनी, भरल्यावर ५०० किलोच्या आसपास, पंखा (प्रॉपेलर) नाकावर, नोंदणी अमेरिकेतल्या एक्स्पेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट वर्गात, म्हणजे हौशींनी स्वतः बांधलेल्या विमानांच्या. ताकद हवी ८० एचपीच्या आसपास.

वाटा दोन. पहिली, फोक्सवॅगन बीटलचं हवेने गार होणारं बॉक्सर, म्हणजे समोरासमोर आडव्या सिलिंडरचं, इंजिन. बोअर (सिलिंडरचा व्यास) ९२ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८२ मिमी केला की २१८० सीसी होतं. पंखा थेट क्रँकवर (पिस्टन फिरवतात त्या दांड्यावर), मध्ये काही नाही. दुसरी, सुझुकीचं जी१३, म्हणजे आपल्याकडे जिप्सी आणि एस्टीममध्ये होतं ते १२९८ सीसीचं. ते पाण्याने गार होतं, फेरे जास्त घेतं, म्हणून पंख्याआधी रिडक्शन, म्हणजे फेरे कमी करणारे गिअर किंवा पट्टा, लागतंच.

कल्पना जुनी आहे. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्हच्या बर्नार्ड पिएटनपोल यांनी १९२९ मध्ये फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन आपल्या एअर कॅम्परवर बसवून उडवलं. ३.३ लिटर, २२०० फेऱ्यांना ४० एचपी. कॉन्टिनेंटलचं ओ-२०० हे खास विमानासाठी केलेलं इंजिनही जवळजवळ तेवढ्याच, ३.३ लिटरचं. ते २७५० फेऱ्यांना १०० एचपी देतं. फेऱ्यांत फरक केवढासा, ते बघा. विमानाचं इंजिन मोठ्या पोटाचं आणि सावकाश फिरणारं असतं, कारण पंख्याला तेच सोसतं. ७२ इंची पंखा २७०० फेऱ्यांवर असताना त्याचं टोक सेकंदाला २५९ मीटर वेगाने जातं. तोच पंखा ५५०० फेऱ्यांना नेला तर टोक ५२७ मीटरवर, म्हणजे आवाजाच्या दीडपट वेगावर जाईल. नुसता गोंगाट होईल, ओढ मिळणार नाही.

माझं मत आधीच मांडतो. मोटारीच्या इंजिनातले पिस्टन, ब्लॉक, कॅम सहसा दगा देत नाहीत. दगा देतात ते मोटारीत नसलेले, आपण जोडलेले भाग: हब (पंखा क्रँकला जोडणारा भाग), रिडक्शन, पाण्याच्या आणि पेट्रोलच्या नळ्या, वायरिंग. पैसे आणि वेळ तिथेच जायला हवा. जाणकारांनी दुरुस्त करावं.

मिस्त्री७४

जी१३ बाबत तुमचं म्हणणं बरोबर आहे. फोक्सवॅगनबाबत अर्धंच. तिथे इंजिनाचं पोटही दगा देतं आणि नेमकं हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) देतं.

कारण साधं आहे. बीटल रस्त्यावर ८० च्या वेगाने जाताना इंजिनाकडून वीसेक एचपी घेते. विमानात तेच हेड तासभर ७५ टक्के ताकदीवर राहतं. हेडच्या पाकळ्या तेवढ्याच, त्यांतून निघू शकणारी उष्णता तेवढीच. सीसी वाढवून ताकद वाढते, हेडचं क्षेत्रफळ वाढत नाही. म्हणून २१८० ला '८० एचपी' हा आकडा टेकऑफपुरता धरायचा. चढताना हेडचं तापमान २३० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि क्रूझमध्ये (सरळ, स्थिर उडताना) २०० च्या खालीच ठेवायचं.

हेड तापलं की पहिला बळी एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा. जुन्या व्हॉल्व्हचं डोकं आणि दांडी वेगळ्या धातूंचं, जोडून केलेलं असतं. जोडापाशी डोकं निसटतं आणि पिस्टनमधून आरपार जातं. म्हणून विमानात स्टेनलेसचे एकसंध एक्झॉस्ट व्हॉल्व्हच घालायचे.

व्हॉल्व्ह जाण्याआधी महिनाभर सांगत असतो, ऐकायला मात्र फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) हातात घ्यावा लागतो. इंजिन रात्रभर गार झाल्यावर टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट ०.१५ मिमी. दर २५ तासांनी आठही फटी मोजून वहीत लिहायच्या. पुन्हा ०.१५ करून टाकायचं आणि पुढं जायचं, असं करू नका. आधी सापडलेला आकडा लिहायचा. सात फटी जागेवर आणि एकाच एक्झॉस्टची दरवेळी ०.१०, मग ०.०८ अशी घटत आलेली दिसली तर तो व्हॉल्व्ह लांब होतोय किंवा सीट हेडमध्ये रुततेय. हेड उतरवायचं. एकदा नुसतं ॲडजस्ट करून पुन्हा उडणं, ही या इंजिनातली सगळ्यात महाग चूक.

घार

मान्य, माझं विधान फोक्सवॅगनला सरसकट लागू नाही. क्रँकचं काय? पंखा पुलीकडच्या टोकाला लावावा की फ्लायव्हीलकडच्या, यावर सगळीकडे दोन मतं दिसतात.

मिस्त्री७४

क्रँकला चार मेन बेअरिंग. फ्लायव्हीलकडून पहिली तीन ५५ मिमीची, पुलीकडचं चौथं फक्त ४० मिमीचं. गाडीत त्या टोकाला गार करणाऱ्या पंख्याचा पट्टा ओढणारी पुली असते, म्हणून ते बारीक चालतं. विमानात त्याच टोकाला प्रॉपेलर लटकवला की दोन नवीन भार येतात.

एक, ओढ. ती शेवटी फ्लायव्हीलकडच्या पहिल्या बेअरिंगच्या कडेवर येते. तिथली पुढे-मागे फट डायल गेजने ०.१० ते ०.१५ मिमी ठेवायची. तीन शिम (पातळ चकत्या) असतात, तिन्ही वापरायचे. एक जाड शिम कापून बसवला की घासून त्याचा भुगा होतो.

दुसरा भार जास्त वाईट, जायरोस्कोपचा. फिरता पंखा नाक वर-खाली किंवा डावी-उजवीकडे वळवलं की क्रँकला आडवं वाकवतो. साडेतीन-चार किलोचा लाकडी ६० इंची पंखा ३२०० फेऱ्यांवर असताना नाक सेकंदाला साधारण ५७ अंशांनी झटकन फिरवलं तर क्रँकच्या टोकाला १३० न्यूटन-मीटरच्या आसपास वाकवणारा मोमेंट येतो. धातूचा जड पंखा लावला की तो दुपटीच्याही वर जातो. क्रँक एका फेऱ्यात एकदा वर आणि एकदा खाली वाकतो. तडा सुरू होतो तो कीच्या खाचेच्या कोपऱ्यातून किंवा बेअरिंगलगतच्या गोलाईतून.

म्हणून तीन गोष्टी. पंखा लाकडाचा किंवा हलका कंपोझिट, धातूचा कधीही नाही. हब मोठ्या व्यासाचं आणि चौथ्या बेअरिंगला आधार देणारं, तसं जमत नसेल तर पंखा फ्लायव्हीलकडच्या जाड टोकाला. आणि या इंजिनावर कोलांट्या नाहीत.

कोकणकडा

कॉर्व्हेअरचा इतिहास याला दुजोरा देतो. शेव्हर्लेचं सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन, २.७ लिटर, हवेने गार होणारं, साधारण १०० एचपी आणि वजन १०० किलोच्या पुढे. पिएटनपोल यांनी स्वतः पुढे मॉडेल ए सोडून हेच लावलं होतं. सावकाश उडणाऱ्या विमानांत ते वर्षानुवर्षं चाललं. वेगवान विमानांत आलं तेव्हा क्रँक तुटू लागले. उपाय झाले ते क्रँकचं नायट्रायडिंग (पृष्ठभाग कठीण करणं), गोलाई नीट घासून घेणं आणि पंख्यालगत पाचवं जादा बेअरिंग.

जर्मनीत लिमबाखने फोक्सवॅगनच्याच रचनेवरून प्रमाणपत्र घेतलेली इंजिनं केली आणि ती शायबेच्या फाल्के मोटरग्लायडरवर बसली. म्हणजे मूळ रचना टाकाऊ नाही. पण लिमबाखने मोटारीचे भाग जसेच्या तसे उचलले नाहीत, हेही लक्षात घ्या.

वाऱ्यावरची

आता जी१३ कडे वळूया. रिडक्शनबद्दल लिहिते, कारण या वाटेवर सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

आधी ताकद. जिप्सी किंगच्या पत्रकात ६००० फेऱ्यांना ८० एचपी आणि ४५०० फेऱ्यांना १०३ न्यूटन-मीटर टॉर्क दिलाय. ४५०० ला त्या टॉर्कचे साधारण ६५ एचपी होतात. तेवढ्यावर क्रूझ धरायचा. २.२ ला १ रिडक्शन घेतलं तर पंखा क्रूझमध्ये २०४५ आणि ५५०० फेऱ्यांना २५०० वर. ६८ इंची पंख्याचं टोक तेव्हा सेकंदाला २२६ मीटर. शांत आणि कार्यक्षम. इथवर सगळं छान.

अडचण फिरकीच्या थरथरीची. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, टॉर्क एकसंध येत नाही, धक्क्याधक्क्यांनी येतो. एका टोकाला क्रँक आणि फ्लायव्हीलचं जडत्व, दुसऱ्या टोकाला पंख्याचं, मध्ये स्प्रिंगसारखा वागणारा पट्टा, शाफ्ट किंवा रबर. या जोडीची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारिता असते. स्फोटांची वारंवारिता तिच्याशी जुळली की थरथर वाढत जाते आणि गिअरचे दात, शाफ्टच्या खाचा, बोल्ट तुटतात.

हिशेब करून दाखवते. इंजिनाकडचं जडत्व ०.१२ किलो-मी² धरा. पंख्याचं ०.४, पण ते रिडक्शनपलीकडे आहे, म्हणून २.२ च्या वर्गाने भागायचं: ०.०८३. मधला जोड कडक असेल, म्हणजे रेडियनला १९,४०० न्यूटन-मीटर, तर वारंवारिता १०० हर्ट्झ. दर फेऱ्याला दोन धक्के, म्हणजे ३००० फेऱ्यांवर रेझोनन्स. तिथे कोणी तासभर थांबत नाही म्हणून चालून जातं.

मग कोणीतरी वजन वाचवायला फ्लायव्हील काढतो. जडत्व ०.१२ वरून ०.०४ वर येतं. बाकी काहीच बदललं नाही तरी रेझोनन्स ४०५० फेऱ्यांवर सरकतो. क्रूझच्या तोंडाशी! सहा-सात किलो वाचले आणि रिडक्शन पन्नास तासांत गेलं. वर्कशॉपमध्ये दोष गिअर बनवणाऱ्याला दिला जातो.

पानाहातोडी

+१. हलकं फ्लायव्हील ही सगळ्यात सर्रास चूक आहे. मग योग्य उपाय मऊ जोड का?

वाऱ्यावरची

हो, बहुतेक वेळा. रेझोनन्स आयडलच्याही खाली ढकलायचा. ७०० फेऱ्यांवर न्यायचा तर वर दिलेल्या जडत्वाला जोडाचा कडकपणा रेडियनला १०५० न्यूटन-मीटर लागतो. पूर्ण टॉर्कला असा जोड साडेपाच-सहा अंश पिळतो. रबरी डोनट किंवा रबरी बुश असलेला फ्लँज तेवढं पिळायला करतात. सुरू आणि बंद करताना तो टप्पा झटकन ओलांडायचा. सुरू करताना इंजिन अर्धवट पेटत घुटमळत ठेवायचं नाही. रोटॅक्स ९१२ लाही आयडल १४०० च्या खाली नेऊ नका असं सांगतात, ते गिअरबॉक्सच्या खडखडीसाठीच.

इथे एक बारीक गोष्ट, जी हिशेबात सहसा येत नाही. एक प्लग मेला किंवा एक इंजेक्टर तुंबला की धक्क्यांचा नमुना बदलतो. तेव्हा दोन फेऱ्यांतून एक अशी जादा थरथर सुरू होते. तुमचा मऊ जोड २३ हर्ट्झला रेझोनन्स देतोय, तर या मिसफायरची वारंवारिता २८०० फेऱ्यांना बरोबर २३ हर्ट्झ होते. म्हणजे एरवी सुरक्षित असलेल्या २८०० वर, जिथे आपण उतरायला येतो, तिथे अख्खं विमान हलायला लागतं. अशा वेळी त्या फेऱ्यांवर थांबायचं नाही. दोनशे-तीनशे वर किंवा खाली सरकायचं आणि उतरून आधी प्लग बघायचे. म्हणून रबराची मर्यादा नुसत्या टॉर्कवरून ठरवू नका, मिसफायर धरून ठरवा.

पट्टा की गिअर? दातांचा पट्टा बऱ्यापैकी शांत, तेल नको, तुटण्याआधी कडांवर धागे निघालेले दिसतात. पण पट्टा क्रँकला बाजूला ओढतो. ८० मिमी व्यासाच्या छोट्या पुलीवर १०३ न्यूटन-मीटर म्हणजे पट्ट्यात २५७५ न्यूटनची ओढ. सुरुवातीचा ताण धरून क्रँकच्या टोकाला चारशे किलोच्या घरात आडवा भार, तोही धक्क्यांसह. जी१३ च्या पहिल्या मेन बेअरिंगची ही कामगिरी नाही. पुलीच्या बाहेरच्या बाजूलाही बेअरिंग हवंच आणि ते ब्लॉकवरच बसलेल्या प्लेटवर हवं, इंजिन माउंटवर नको. माउंट हलतं.

गिअरची एकच जोडी असेल तर पंखा उलटा फिरतो. पट्ट्यात दिशा तीच राहते. पंखा मागवण्याआधी हे कागदावर बाण काढून नक्की करा.

घार

थिलर्टच्या डिझेलबद्दल कोणी लिहिलं तर बरं. तेही मोटारीचंच इंजिन ना?

सहजराव

हो. थिलर्टचं सेंच्युरियन १.७ हे मर्सिडीज ए-क्लासच्या डिझेलवरून केलेलं, १३५ एचपी, रिडक्शन १.६९ ला १. प्रमाणपत्र मिळवून ते डायमंडच्या डीए४० आणि डीए४२ मध्ये बसलं. या धाग्यासाठी त्यातली गोष्ट अशी की कारखान्याचं पाठबळ असूनही गिअरबॉक्सला सुरुवातीला ३०० तासांची मर्यादा होती. ब्लॉकचा प्रश्न नव्हता. पुन्हा तोच जोडलेला भाग.

दुसरी गोष्ट विजेची. २००७ मध्ये जर्मनीत श्पायरला एका डीए४२ ची बॅटरी उतरलेली होती, म्हणून बाहेरच्या वीजपुरवठ्यावर इंजिनं सुरू केली. टेकऑफनंतर चाकं आत घेताना मोटरने करंट ओढला, व्होल्टेज क्षणभर खाली आलं आणि दोन्ही इंजिनांचे कॉम्प्युटर रीसेट झाले. दोन्ही इंजिनं एकदम थांबली. दोन इंजिनं, दोन अल्टरनेटर, आणि तरी एकाच मुळातून दोन्ही गेली.

जी१३ वर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन ठेवणार असाल तर वायरिंगची आखणी इथून सुरू करा. हाय प्रेशर पंप ५ ते ६ ॲम्पिअर, कॉइल ४ ते ६, इंजेक्टर आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मिळून २ ते ३. म्हणजे इंजिन नुसतं चालू राहायला ११ ते १५ ॲम्पिअर. अल्टरनेटर गेला तर १७ ॲम्पिअर-अवरच्या नव्या बॅटरीवर अर्धा-पाऊण तास, जुनीवर त्याहून कमी. बाकी सगळं, दिवे-रेडिओ-स्टार्टर, एका बसवर (वीज वाटणाऱ्या पट्टीवर). इंजिन वेगळ्या बसवर, तिला स्वतःची छोटी बॅटरी आणि दोन बॅटऱ्यांमध्ये डायोड, म्हणजे स्टार्टर किंवा शॉर्टसर्किटने एकीचं व्होल्टेज कोसळलं तरी दुसरी तग धरेल. इंजिनाच्या बसवर मास्टर स्विच नको, तिचा स्वतंत्र स्विच हवा. केबिनमध्ये धूर झाला की माणूस पहिला मास्टर बंद करतो, त्यासोबत इंजिन बंद पडता कामा नये.

गाडीचा मूळ ईसीयू वापरू नका. त्यात इमोबिलायझर असतो, एखादा सेन्सर गेला की ताकद आपोआप कमी करणारा मोड असतो. गाडीला कडेला नेण्यापुरता तो ठीक. झाडांच्या टोकांवर चढताना तो नको. क्रँक सेन्सर दोन बसवा, दोन वेगळ्या कनेक्टरवर.

पानाहातोडी

पेट्रोलकडे या. जमिनीवर इंजिन मस्त चालतं आणि चढताना बंद पडतं, त्यात निम्म्याहून जास्त वेळा कारण पेट्रोलच्या नळीत सापडतं, असं माझं ठाम मत आहे.

कार्ब्युरेटर आणि गुरुत्वाकर्षणाने येणारं पेट्रोल असेल तर ही चाचणी टाळायची नाही. शेपूट खड्ड्यात घालून किंवा नाक उचलून विमान सगळ्यात तीव्र चढाईच्या कोनापेक्षा पाच अंश जास्त उभं करा. टाकीत सगळ्यात कमी, तळाशी राहणारं पेट्रोल ठेवा. कार्ब्युरेटरपाशी नळी सोडून मापाच्या भांड्यात दहा मिनिटं पेट्रोल घ्या. ८० एचपीला ताशी साधारण २४ लिटर लागतं. गुरुत्वाकर्षणाला त्याच्या दीडपट यायला हवं, म्हणजे ३६ लिटर, म्हणजे मिनिटाला ६०० मिली. दहा मिनिटांत सहा लिटर भरले नाहीत तर उडायचं नाही. पंप असेल तर सव्वापट, मिनिटाला ५०० मिली.

कमी आलं तर आधी टाकीचा व्हेंट बघा, मग नळीतला उंचवटा, जिथे हवेचा बुडबुडा अडकतो, मग फिल्टर. जाड नळी आणणं शेवटचा उपाय.

इंजेक्शनला पंपाची तोंडं टाकीच्या पातळीखाली आणि फायरवॉलच्या (इंजिनामागच्या आगरोधक भिंतीच्या) थंड बाजूला. पंप ढकलतो चांगला, ओढतो वाईट. गरम जागी ओढायला लावला की नळीत वाफ होते. पंपाआधी जाड जाळीचा फिल्टर, पंपानंतर बारीक. उलटं लावलं तर बारीक फिल्टर ओढ अडवतो आणि तीच वाफ. परतीची नळी ज्या टाकीतून घेतलं त्याच टाकीत सोडा. दोन टाक्यांचा व्हॉल्व्ह असेल तर दोन्ही बाजू एकत्र वळणारा घ्या, नाहीतर एक टाकी रिकामी होत असते आणि दुसरी व्हेंटमधून बाहेर वाहत असते.

कोकणकडा

यात इथेनॉल जोडा. भारतात पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी १० टक्के. रोटॅक्स ९१२ ला १० पर्यंत परवानगी आहे. जुन्या रबरी नळ्या, कॉर्कचे फ्लोट आणि पॉलिस्टर रेझिनची टाकी इथेनॉलने मऊ पडते. तो चिकटा पुढे जाऊन जेट बुजवतो. आपल्याकडे पावसाळ्यात महिनाभर उभ्या विमानात पाणी शोषून इथेनॉल तळाशी वेगळं होतं आणि पहिला घोट इंजिनाला तोच मिळतो.

तपासायला १०० मिलीचं मापाचं नळकांडं घ्या. १० मिली पाणी, ९० मिली पेट्रोल, हलवा, दहा मिनिटं ठेवा. तळचा थर १० वरून २८ च्या आसपास चढला तर २० टक्के इथेनॉल. १९ वर थांबला तर १०. कार्ब्युरेटर शुद्ध पेट्रोलवर जुळवलेला असेल तर २० टक्क्यांना मिश्रण ८-९ टक्के पातळ पडतं. मुख्य जेटचा व्यास साधारण ४ टक्के वाढवावा लागतो. पातळ मिश्रणावर फोक्सवॅगनचं हेड आणखी तापतं, ते मिस्त्रींनी वर सांगितलंच आहे.

घार

जी१३ च्या रेडिएटरचा हिशेब कोणी मांडेल का? नाकावर गाडीचा रेडिएटर सरळ वाऱ्यात उभा केलेली विमानं फोटोंत खूप दिसतात.

कोकणकडा

ती विमानं जमिनीवर तापतात, चढताना उकळतात आणि क्रूझमध्ये विनाकारण वारा अडवतात.

पंख्याला जेवढी ताकद, साधारण तेवढीच उष्णता पाण्यात जाते असं धरा. ६५ एचपीला, म्हणजे ४८ किलोवॉटला, पाण्यात साधारण ४५ किलोवॉट. बाहेर ४० अंश, म्हणजे विदर्भातला मे महिना किंवा ॲरिझोना, आणि हवा रेडिएटरमधून जाताना ३० अंशांनी तापते असं धरलं तर सेकंदाला दीड किलो हवा लागते. त्या उष्णतेत ती सव्वा घनमीटरच्या वर, १.३३ घनमीटर होते. चढाईचा वेग ताशी १२० किलोमीटर, सेकंदाला ३३ मीटर. भागाकार केला तर ४०० चौरस सेंटिमीटर. पण तोंडाशी हवा पूर्ण वेगाने आत शिरत नाही, सत्तर टक्के धरा, म्हणजे तोंड ५७० चौरस सेंटिमीटरचं. २४ बाय २४ सेंटिमीटरचं भोक. रेडिएटरचं तोंड त्याच्या तिपटी-चौपटीचं आणि मधली डक्ट हळूहळू रुंदावणारी. एकदम रुंदावली तर हवा भिंत सोडते आणि रेडिएटरच्या कोपऱ्यांत पोहोचतच नाही. कडा सिलिकॉनने पूर्ण बंद, कारण हवेला बाजूने जायला बोटभर फट मिळाली तर ती रेडिएटरमधून कशाला जाईल?

पाण्याच्या बाजूला सगळ्यात जास्त त्रास अडकलेल्या हवेचा. विमान शेपटीवर टेकलेलं असताना हेडचा जो कोपरा वर असतो तो उडताना वर नसतो. म्हणून दोन्ही स्थितींत सगळ्यात उंच राहील अशी एक्स्पान्शन टाकी हवी आणि हेडपासून तिच्याकडे बारीक नळी सतत चढत गेलेली हवी. तापमानाचा सेन्सर वाफेच्या बुडबुड्यात आला तर काटा खाली येतो. पाणी संपलेलं असताना काटा थंड दाखवतो! त्यासाठी कूलंटच्या प्रेशरचा दिवा लावा. नळी फुटली की तो लगेच पेटतो.

मिस्त्री७४

फोक्सवॅगनलाही मापून बघता येतं. पारदर्शक नळी यू आकारात पट्टीवर बांधा, रंगीत पाणी घाला, एक टोक सिलिंडरच्या वर, दुसरं खाली. ताशी १२० वेगाला ४० अंशांच्या हवेत वाऱ्याचा पूर्ण दाब पाण्याच्या ६४ मिमीएवढा असतो. बॅफल (हवा सिलिंडरकडे वळवणारे पत्रे) नीट असतील तर फरक ४५ च्या पुढे दिसतो. ३० दिसत असेल तर तोंड मोठं करू नका, आधी गळती शोधा. बॅफल आणि काउलमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) आत टॉर्च लावून अंधारात बाहेरून बघितलं की जिथून उजेड दिसतो तिथून हवा पळते. सिलिंडरच्या खालच्या बाजूचे पत्रेही गाळू नका. त्यांच्याशिवाय हवा सिलिंडरला वळसा न घालता सरळ खाली पडते आणि मागची बाजू कोरडीच तापते.

घार

सगळं वाचून माझा कल फोक्सवॅगनकडे झुकतोय. पाणी नाही, रिडक्शन नाही, मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र) लावली तर विजेवर अवलंबून राहणं नाही. वजनही ७५ किलोच्या आत. किंमत एवढीच की ताकद ८० नाही, क्रूझला ६० च्या आतबाहेर धरायची. मग विमान त्याप्रमाणे हलकं बांधावं लागेल.

वाऱ्यावरची

५०० किलोला क्रूझमध्ये साठ कमी नाहीत, पण गरम दिवशी, लहान धावपट्टीवर, दोन माणसं घेऊन चढाई कमी राहील, हे आकडेमोडीतच मान्य करून टाका. जी१३ ला चढाई चांगली मिळेल, त्याचा मोबदला म्हणून रिडक्शन आणि रेडिएटर सांभाळावा लागेल. आणि ज्याला उडायचंच आहे, इंजिनाशी झटापट करायची नाही, त्याने सरळ रोटॅक्स ९१२ घ्यावं. ८० एचपी, दोन हजार तासांचं आयुष्य. एनसीसीच्या व्हायरस विमानांवर तेच आहे.

प्रमाणपत्र नसलेल्या इंजिन-पंख्याच्या जोडीला अमेरिकेत पहिल्या टप्प्यात सहसा ४० तास ठरावीक भागातच उडायला लावतात, प्रमाणित जोडीला २५. ते ४० तास नुसते पूर्ण करायचे म्हणून घालवू नका. वरच्या प्रत्येक आकड्याची तपासणी त्यातच करा.

पानाहातोडी

लाकडी पंखा ठरलाच असेल तर त्याच्या बोल्टांबद्दल. लाकूड कोरड्या हवेत आकसतं आणि दमट हवेत फुगतं. उन्हाळ्यात पंखा आकसला की बोल्टांचा ताण उतरतो, पावसाळ्यात फुगला की हबच्या वायसरखाली लाकूड दबून चेपतं आणि पुढच्या उन्हाळ्यात आणखी सैल होतं. पंखा बोल्टांच्या दांड्यांवर फिरत नाही, हबच्या तोंडाशी होणाऱ्या घर्षणावर फिरतो. म्हणून पहिल्या उड्डाणानंतर, मग १० तासांनी, मग दर २५ तासांनी आणि ऋतू बदलला की टॉर्क रेंच लावायचा. आकडा पंखा करणाऱ्याच्या पत्रकातलाच. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचे आणि पुढे एकसंध ॲल्युमिनिअमची तबकडी हवी, सुटे वायसर नकोत.

मग ट्रॅक, म्हणजे दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतात का ते. जमिनीवर खुंटी ठोकून तिच्याशी एका पात्याचं टोक जुळवा, पंखा अर्धा फिरवून दुसरं बघा. फरक ३ मिमीच्या आत हवा. प्लगच्या वायरी आधी काढून ठेवा, मॅग्नेटो बंद आहे यावर विसंबू नका.

वर्षातून एकदा पंखा उतरवून हबला टेकणारं लाकूड बघा. स्वच्छ, एकसारखं दाबलेलं असेल तर ठीक. काळे, जळल्यासारखे डाग दिसले तर पंखा हबवर घसरत होता, बोल्टांनी भार घेतलेला आहे. तो पंखा परत बसवायचा नाही आणि ते बोल्टही टाकून द्यायचे.